आई सध्या काय वाचते

४ फेब्रुवारी

लेखिकाबाई,

तुझा निरोप मिळाला. "ताई, तू मला फसवलंस. भरल्या सभागृहात माझी शोभा झाली. आता निदान फोन तरी उचल." इतकाच. यात आई कशी आहे हा प्रश्न कुठे दडलाय ते मी उलटसुलट करून पाहिलं. सापडला नाही.

फोन मी उचलणार नाही. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. आणखीही एक कारण आहे, पण ते तुझ्या कामाचं नाही. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र. आता बस आणि वाच. वाचन हा तुझा धंदाच आहे.

आईला वाचता येत नाही. शनिवारी व्यासपीठावर ते तुझ्या लक्षात आलं आणि तुला झोंबलं. माझ्या लक्षात येऊन चार वर्षं झाली. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या नेमक्या मध्यभागी डाग आहे. कडेचं सगळं दिसतं. म्हणून ती घरभर फिरते, चहा कपातच ओतते, दारात कोण आलं ते चालण्यावरून ओळखते, आणि वर्षातून दोनदा उभ्या उभ्या येऊन जाणाऱ्या मुलीला वाटतं की आई अगदी ठणठणीत आहे. फक्त ती ज्याच्याकडे थेट बघते तेवढंच पुसलं जातं. माणसाकडे बघितलं तर नाकडोळे जातात, ओळीकडे बघितलं तर अक्षर जातं. गेलेलं परत येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आई त्यांना म्हणाली, "आधी सांगायचं ना, हातातलं प्रूफ तरी संपवून आले असते." आणि परत येताना मला बजावलं, की धाकटीला यातलं काही कळता कामा नये.

तेव्हापासून मी वाचते. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या तक्रार-कक्षात फोन घ्यायचे, कोरड्या नळांबद्दल अख्ख्या गावाच्या शिव्या खायच्या, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" हे पोपटासारखं म्हणायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईसमोर पुस्तक उघडायचं. कसं वाचायचं ते तुला आठवत असेल. छापखान्यातून प्रुफं घरी यायची तेव्हा मूळ हस्तलिखित माझ्या हातात असायचं आणि छापलेला कागद आईच्या हातात. मी मोठ्याने वाचायचं, नुसते शब्द नाही तर स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद, सगळं. एका सुरात, भावना न आणता. आईची पेन्सिल कागदावरून सरकायची आणि जिथे माझं बोलणं आणि छापलेलं जुळलं नाही तिथे थांबायची. तुलाही तिने एकदा या कामाला बसवून पाहिलं होतं. तू गहिवरून वाचायचीस आणि न आवडलेले शब्द परस्पर बदलायचीस. लगेच तुला खेळायला सोडण्यात आलं. मी मात्र शाळा संपेपर्यंत त्या खुर्चीला चिकटले.

आता तिच्या हातात कागद नाही, पण सवय जात नाही. मी स्वल्पविराम गाळला तर ती मान वर करते. "इथे काहीतरी होतं," म्हणते. आणि असतं.

तर शनिवार. त्या कार्यक्रमाचा घाट तू घातलास. दर गुरुवारी वर्तमानपत्रात तुझं 'उशाशी' हे सदर येतं, त्यात तू सध्या काय वाचते आहेस ते अर्धं पान सांगतेस, आणि शेवटी छोटी चौकट असते, 'आई सध्या काय वाचते'. लोक म्हणे आधी चौकट वाचतात. म्हणून तुझ्या संपादकांना सुचलं की ग्रंथालयाच्या सभागृहात या वाचणाऱ्या आईला बोलवावं आणि तिच्याकडून तिच्या आवडीचं एक पान वाचून घ्यावं. मी तुला नको म्हणाले. दोनदा म्हणाले. तू काय उत्तर दिलंस? "ताई, तुला ना आईचं कौतुक झालेलं बघवत नाही."

आईला मात्र जायचं होतं. तू बोलावलं होतंस ना. तिने एका बेटावरच्या कादंबरीतलं एक पान निवडलं आणि मी ते तिला इतक्या वेळा वाचून दाखवलं की मला त्या बेटाचीच शिसारी आली. तिने ते कानाने पाठ केलं. आणि कानाने घेतलेलं जसंच्या तसं तोंडातून बाहेर पडलं. पुस्तक बरोबर उघडलेलं, चष्मा नाकावर, आवाज खणखणीत: "समुद्र त्या दिवशी शांत होता, स्वल्पविराम, आणि म्हणूनच त्याला भीती वाटली, पूर्णविराम." लोक हसले. त्यांना वाटलं, जुन्या मुद्रितशोधक बाई गंमत करतायत. टाळ्यासुद्धा पडल्या. आपण काय करून बसलो ते आईला कळलं, मी तिचा चेहरा पाहिला. पण थांबली असती तर पुढचं विसरली असती, म्हणून ती तशीच रेटत गेली. मजकूर पुढच्या पानावर गेला तरी तिने पान उलटलं नाही. तू तिच्या शेजारच्या खुर्चीत होतीस आणि तुझा चेहरा पांढरा पडला. कारण त्या सभागृहात आपल्या तिघींनाच माहीत होतं, की आईने जन्मात कधी स्वल्पविराम तोंडाने म्हटला नव्हता. ते माझं काम होतं. तिचं काम बघण्याचं.

मग तू काय केलंस? तिचा हात धरलास का? "धन्यवाद, आई," म्हणून माइक काढून घेतलास, आणि कार्यक्रम संपल्याबरोबर लेख द्यायचा आहे म्हणून गाडीत जाऊन बसलीस. आणि शोभा म्हणे तुझी झाली.

आता चौकटीविषयी. 'या कादंबरीतली माणसं इतके उसासे टाकतात की खिडकी उघडावीशी वाटते.' हे वाक्य तू आईच्या नावाने छापलंस. ते माझं आहे. 'मधमाश्यांवरचं हे पुस्तक जरूर वाचा, लेखकाला माणसं आवडत नाहीत हे त्याने निदान लपवलेलं नाही.' तेही माझंच. वाचता वाचता मी पाणी प्यायला थांबते तेव्हा माझ्या तोंडून असं काहीबाही निघतं. आई ते रविवारी तुला फोनवर सांगते, तू गुरुवारी छापतेस आणि शुक्रवारी माझ्या कचेरीतली माणसं मला ऐकवतात, "तुमची आई काय बोलते हो." मी आईला जाब विचारला. ती म्हणाली, "तुझी मतं बरी असतात, म्हणून तर सांगते."

एकदा मात्र मी तिला सरळच म्हटलं, की हे नाटक पुरे, धाकटीला सांगून टाक. तेव्हा ती काय म्हणाली ते तुला सांगते, मग तुला हे पत्र फाडावंसं वाटो की जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटो. ती म्हणाली, "ती फोन करते आणि विचारते, आई, सध्या काय वाचतेस? मी म्हटलं, काही नाही, तर पुढे काय बोलेल ती? तिला माझ्याशी बोलायला दुसरं काही नाहीये गं."

हे छाप चौकटीत.

तो रविवारचा फोन दर वेळी मी उचलते. "ताई, आईला दे." चार वर्षं तुझे माझे एवढेच तीन शब्द. राग आला असेल तर येऊ दे. मला तो रोज येतो, मी त्याच्यासकट स्वयंपाक करते.

ताई

१५ फेब्रुवारी

दोघींपैकी एकीस,

गुरुवारचं सदर आलं. आई सकाळपासून "आलं का, आलं का" करत होती, म्हणून वाचावं लागलं. तुझं लिखाण तिला वाचून दाखवताना माझी काय अवस्था झाली ते तुला कळावं म्हणून ते वाक्य तुलाच परत पाठवते: 'सांजावताना आम्ही दोघी बहिणी आळीपाळीने आईला वाचून दाखवतो, आणि तिच्या मिटल्या पापण्यांआड अक्षरं पुन्हा उमलतात.'

पहिली गोष्ट, आई पापण्या मिटत नाही. डोळे टक्क उघडे ठेवून ऐकते, चूक धरायला बसल्यासारखी. दुसरी गोष्ट, आळीपाळीने? तुझी पाळी नक्की कधी होती? आगाऊ कळवायचं होतंस, मी त्या दिवशी पाय पसरून झोपले असते. चार वर्षांत तू या टेबलाशी बसून एक ओळ वाचली नाहीस, तुला या घरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता, आणि तो लागल्याबरोबर दहा दिवसांत तू त्याचा लेख केलास आणि त्यात स्वतःसाठी खुर्चीही मांडून घेतलीस. शनिवारी तुझी शोभा झाली होती ना? ती बरी भरून काढलीस.

मला वाटलं होतं आई विरघळेल. तुझं नाव आलं की ती विरघळतेच. तिने मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "शुद्धिपत्र काढावं लागेल."

तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लागलं नाही, हा तिचा केवढा अभिमान ते तुला माहीत आहे. पुस्तकात मागाहून ती चिठ्ठी चिकटवणं म्हणजे तिच्या लेखी भर चौकात कान धरून उभं राहणं. तर तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं: 'गेल्या गुरुवारच्या अंकात "आम्ही दोघी बहिणी" असे छापले गेले आहे. त्याऐवजी "माझी मोठी बहीण" असे वाचावे. "आळीपाळीने" हा शब्द गाळावा. "उमलतात" याविषयी काही करता येण्यासारखे नाही.' खाली तिने स्वतः सही केली. सही ओळ सोडून कागदाच्या कोपऱ्यात घसरली, पण आहे तिचीच. मी पाकीट बंद करून तुझ्या संपादकांचा पत्ता घातला, तिकीट लावलं. चपला घालत होते तेवढ्यात तिने थांबवलं. "राहू दे थोडे दिवस. तिचं तिला काही सुचतंय का बघू."

पाकीट टेबलावर आहे. येता जाता मी त्याच्याकडे बघते आणि माझा हात शिवशिवतो.

दरम्यान तुझ्या वाचकांची माया उतू चालली आहे. रोज पुस्तकांची पार्सलं येतायत, वर लिहिलेलं, 'दोघी बहिणींना प्रेमपूर्वक'. एका गृहस्थांनी स्वतःच्याच आयुष्यावरचं, दाराला अडसर म्हणून लावता येईल एवढं पुस्तक पाठवलं आहे आणि विनंती केली आहे की आईला ते सावकाश वाचून दाखवावं. टपालवाल्याने काल विचारलं, "बाई, दुकान काढताय का?" मी नुसतं हसले. त्याचं कारणही वेगळं आहे.

आणि तुझ्या संपादकांचं पत्र आलंय, त्यांना आपल्या तिघींचा फोटो हवा आहे. टेबलाशी. तू वाचताना. 'धाकट्या बाई वाचत आहेत असा' हे त्यांनी दोनदा लिहिलंय. तो फोटोवाला इथे आला तर मी त्याला पाण्याच्या टाकीवर चढवीन आणि शिडी काढून घेईन.

एक

३ मार्च

शेपटा,

लहानपणी माझ्यामागे घरभर फिरायचीस तेव्हाचं नाव वापरते आहे. यावरून मी निवळले असा अर्थ काढू नकोस. रागात मला हेच पटकन सुचतं.

तुझं पत्र वाचलं. तुला वाईट वाटलं. 'दोघी' असं लिहिलं की वाक्याला लय येते, म्हणून ते तसं झालं. बरं. लयीसाठी माणूस काय काय करतो. आणि उपाय म्हणून तू दोन गोष्टी सुचवल्यास, की आईला पुस्तकं वाचणारं यंत्र पाठवतेस, आणि तेही नको असेल तर वाचायला एखादी मुलगी ठेवू या, तू सगळी व्यवस्था बघतेस. तिकडून इकडची व्यवस्था बघायची. उंटावर बसून शेळ्या हाकायची तुझी हातोटी वाखाणण्यासारखी आहे.

यंत्र आलं. आईने ते दोन संध्याकाळी ऐकलं. त्यातल्या माणसाचा आवाज फार मधाळ आहे. आई त्याला "थांबा," म्हणाली, तो थांबला नाही. "परत वाचा," म्हणाली, तो पुढेच गेला. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यावर टॉवेल टाकला. मुलीचं विचारलं असतंस तर आईने सांगितलं असतं, परक्या पोरीला मी चुका दाखवणार नाही. तिला वाचून दाखवणारं माणूस हवं, ज्याच्यावर ओरडता येईल असं.

आता ते दुसरं कारण. सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

माझ्या घशात, स्वरयंत्रावर, गाठी आल्या आहेत. वाईट जातीच्या नाहीत. पण मी तोंड बंद ठेवलं नाही तर कापाव्या लागतील, आणि मग आवाज कसा उरेल याची खात्री नाही. घशाच्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "दिवसभरात बोलणं फार होतं का?" मी म्हटलं, "नोकरीच बोलण्याची आहे." "आणि घरी गेल्यावर?" "वाचते." "मनातल्या मनात ना?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. बोलायला बंदी. कुजबुजायलाही बंदी, उलट कुजबुजण्याने घसा जास्त बिघडतो, हे तेव्हा कळलं. तुझा लेख मी कुजबुजत वाचला होता. म्हणजे माझ्या तोंडचा शेवटचा मजकूर 'आळीपाळीने' आणि 'उमलतात'. याची भरपाई कशी करणार आहेस ते विचार करून ठेव.

कचेरीने मला फोनवरून उठवून तक्रारींचे कागद लावायला बसवलंय. तिथे माझी उणीव भासते असं कुणी म्हणालं नाही.

पण घरी काय झालंय ते जरा डोळ्यांसमोर आण. मला बोलता येत नाही, तिला वाचता येत नाही. मी चिठ्ठी लिहू तरी कुणासाठी? टेबलावर एकदा टकटक केलं तर हो, दोनदा केलं तर नाही, एवढी आमची भाषा. परवा मला सांगायचं होतं की दूध संपलंय, मी आणायला जाते. मी रिकामं पातेलं तिच्या हातात दिलं. तिने ते घासून ठेवलं.

संध्याकाळी ती वेळेवर टेबलाशी येऊन बसते. सवयीने. समोर मी बसते. मधे तुझ्या वाचकांच्या पुस्तकांची चळत. ती काही मागत नाही. रागावत नाही. "आज कंटाळा आला असेल तुला," म्हणते आणि उठून जाते. काल जाताना तिने वरचं पुस्तक उचललं, उघडलं आणि वास घेऊन परत ठेवलं. चार वर्षं मला वाटायचं की मी राबते, माझा घसा फुटतो, माझी मतं चोरीला जातात, आणि नाव होतं दुसरीकडे. आता राबायला मिळत नाही तर मला रडू येतं, आणि धड आवाज काढून रडायचीही सोय नाही.

तर असं आहे. छापलं आहेस ना आळीपाळीने? मग ये. माझी पाळी झाली, आता तुझी. लेख तुला इथूनही लिहिता येतात, आपल्याकडे टेबल आहे. येणार नसशील तर ते पाकीट मी टपालात टाकते, आणि तुझे वाचक गुरुवारी सकाळी आईची सही बघतील.

ही धमकी आहे. विनंती करणं मला जमत नाही, तू तिच्यात धरून घे.

ताई

२२ मार्च

शेपटा,

तू शेजारच्या खोलीत आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. हसायचं असेल तर हास.

भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. वाचताना तू फार जोरात पळतेस. मरणाच्या प्रसंगाला तुझा आवाज अजून थरथरतो. काल तू 'खोली' या शब्दाच्या जागी 'दालन' म्हणालीस आणि आई म्हणाली, "हे छापलेलं नाही. परत वाच." तू म्हणालीस, "आई, तुला दिसत तरी नाही, तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "त्या माणसाच्या घरात दालन असणं शक्य नाही. त्याला भाडं परवडत नव्हतं मागच्या प्रकरणात." मी इकडे तोंडात रुमाल कोंबून बसले होते, हसणंही घशाला वर्ज्य आहे म्हणून.

पहिल्याच आठवड्यात तू मला स्वयंपाकघरात गाठून म्हणालीस, "ताई, वाचून वाचून घसा किती दुखतो गं." त्या क्षणी मला बोलायची बंदी होती हे तुझं नशीब.

आल्याबद्दल तुला शाबासकी हवी असेल तर ती मिळणार नाही. यायलाच हवं होतं. सुटकेस ठेवल्या ठेवल्या तू टेबलावरचं पाकीट उचललंस, फोडलंस आणि शुद्धिपत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलंस, सहीपर्यंत. ते मात्र मी मानलं. आई म्हणाली, "आता छापायला नको. पण तिकीट वाया गेलं." आणि परवाच्या गुरुवारी चौकटीत तू एवढंच लिहिलंस, की इथवरची सगळी मतं मोठ्या बहिणीची होती, आईची नव्हेत आणि माझीही नव्हेत. लय काही नव्हती त्या वाक्याला. वाचून बरं वाटलं. कचेरीत आता माझ्याशी सगळे जपून बोलतात.

पण आज मी चिडले आहे ती निराळ्याच कारणाने.

काल जेवताना तू पाणी ओतता ओतता सहज विचारलंस, "ताई, तू सध्या काय वाचतेयस?"

चार वर्षं दर रविवारी हा प्रश्न माझ्या कानावरून गेला. मी रिसीव्हर हातात धरून उभी असायची, तो प्रश्न माझ्या हातातून पलीकडे जायचा, आणि मला कुणी एकदाही विचारलं नाही. तुलाही नाही सुचलं, आईलाही नाही. जणू मी पुस्तकाला धरायचा स्टँड. आणि तू विचारलंस कधी, तर माझी वाचा बंद असताना. मला इतका संताप आला की मी ताट उचलून मोरीकडे गेले आणि तिथली कढई दोनदा घासली. तू आईला विचारत होतीस, "काय झालं हिला?" आई म्हणाली, "तिला उत्तर द्यायचं असेल."

तर हे उत्तर.

मी सध्या एक लहानसं पुस्तक वाचते आहे. तुझ्या वाचकांच्या चळतीत सगळ्यात खाली होतं, कुणी पाठवलं त्याचं नाव नाही. एका बाईने लिहिलंय. नदीवरचा पूल बोटी येताना उघडायचा आणि गेल्यावर मिटवायचा, ही तिची आयुष्यभराची नोकरी. ती पानोपानी चिडलेली आहे. भोंगा वाजवता न येणाऱ्या खलाशांवर चिडते, तेल न पाठवणाऱ्या कचेरीवर चिडते, पूल उघडला की हातातल्या घड्याळाकडे बघत उसासे टाकणाऱ्या लोकांवर तर फारच. नवरा गेल्याचं तिने एका ओळीत उरकलंय आणि त्याच्याच खाली पुलाच्या गंजलेल्या कडीवर दीड पान लिहिलंय. मी ते दीड पान वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. ती कडी रोज दोघांनी मिळून ओढायची असायची. हे ती कुठे सांगत नाही. आधीच्या प्रकरणात एकदा येऊन गेलंय, तेवढंच.

हे मी मनातल्या मनात वाचलेलं पहिलं पुस्तक. फार हळू होतं वाचून. ओठ हलतात, ते डॉक्टरीण बाईंना सांगू नकोस. आणि मधेच पाणी प्यायला थांबते तेव्हा जे सुचतं ते कुणाला सांगायचं ते कळत नाही. आईला सांगून उपयोग नाही. ती थोड्या दिवसांनी माझंच मत मला ऐकवते आणि मी हो म्हणाले की खूश होते. तिच्याशी भांडता येत नाही.

पुस्तक तुझ्या उशीवर ठेवलं आहे. वाच. तुला ते कोरडं वाटेल. तू म्हणशील, ही बाई दगड आहे, हिला दुःख लिहिता येत नाही. मला आत्ताच ऐकू येतंय. पण चौकटीत एक शब्द घातलास तर याद राख. तुला काय वाटतं ते छापायचं नाही, मला सांगायचं, तोंडावर.

पुढच्या महिन्यात तपासणी आहे. गाठी बसल्या असतील तर थोडं थोडं बोलायला सुरुवात करा, पण अगदी गरजेचं तेवढंच, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या आहेत. गरजेचं काय ते मी ठरवून ठेवलंय. तोवर पुस्तक संपवून तयारीत राहा, मी तुझ्याशी भांडणार आहे.

ताई